हाटातली मोकळी जागा

परवा आई फोनवर म्हणाली, "अगं, ती चुडीवाली विचारत होती. मुलींना परत कधी आणताय म्हणून."

मी एकदम म्हटलं, "गॅसचा सिलिंडर आला का?"

"आला," आई म्हणाली आणि गुमान फुलकोबीचा भाव सांगू लागली. आम्हा दोघींमध्ये हे ठरलेलं आहे. त्या बुधवारी काय झालं ते ती विचारत नाही, मी सांगत नाही. पण फोन ठेवल्यावर माझं कामात लक्ष लागेना. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आई राहते भोपाळला, इंद्रपुरीत. बाबा तिथल्या मोठ्या कारखान्यात नोकरीला होते, म्हणून आम्ही तिथले झालो. बाबा गेले, आईने घर सोडलं नाही. मी मात्र नोकरीच्या निमित्ताने पार युरोपात जाऊन पडले. माझ्या दोन्ही मुली तिकडेच जन्मल्या. थोरली आठ वर्षांची, धाकटी पाच. त्यांच्या लेखी परदेश म्हणजे भोपाळ. तिथे जायचं तर पासपोर्टवर शिक्का बसतो, पाणी उकळून प्यावं लागतं आणि रस्ता ओलांडताना आईचा हात सोडायचा नसतो.

आता माझं एक खूळ सांगते. कुठल्याही नव्या देशात गेलं की मी आधी बाजार गाठते. पोरी कडेवर होत्या तेव्हापासून मी त्यांना बाजारांतून फिरवलंय. नवरा म्हणतो, "लोक राजवाडे बघतात, ही वांगी बघते." म्हणू दे. मी पोरींना दोनच नियम शिकवले होते. माझ्या नजरेबाहेर जायचं नाही, हा एक. आणि कुणी प्रेमाने काही हातावर ठेवलं तर नाक मुरडायचं नाही, हसून घ्यायचं. त्या नियमावर माझ्या पोरींनी कुठे चेरी खाल्ल्या, कुठे ऑलिव्ह, कुठे कसलीशी चिकट मिठाई. मला त्याचा कोण अभिमान! माझ्या मुली कशा कुठेही मिसळतात, हे मी तिकडच्या मैत्रिणींना रंगवून सांगायची.

मागच्या डिसेंबरात नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून मी एकटीच पोरींना घेऊन आईकडे गेले. पहिल्याच बुधवारी हाट होता, म्हणजे तिथला आठवडी बाजार. त्या हाटात मी लहानाची मोठी झालेली. मला मिरवायचं होतं, खोटं कशाला बोलू!

दुपार कलली की कॉलनीच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर लोक ताडपत्र्या अंथरतात. मटारचे ढीग, लालभडक गाजरं, पेरू, उकडलेले शिंगाडे, हरभऱ्याच्या जुड्या. हातभर जागेवरून तिथे दर बुधवारी भांडणं. "मेरी जगह है, भैया, उधर सरको!" आई पुढे, तिच्यामागे आम्ही. निम्मा हाट तिला ओळखतो. "माताजी, नातिन आई है क्या?" असं प्रत्येक जण विचारत होता आणि आई प्रत्येकाला "हाँ, विलायत से," असं सांगत होती. मी दोनदा तिला चिमटा काढला, पण ती ऐकेल तर ना.

आणि मग ते 'ऊपर से' सुरू झालं. आपल्याकडे भाजीवर कोथिंबीर-मिरच्या मागतात तसंच. तिथे ते मागावंही लागत नाही, बरोबर लहान मूल असलं तर विचारूच नका. पेरूवाल्याने धाकटीच्या हातात पेरू ठेवला. मटारवाल्याने ओंजळ भरली. गाजरवाल्या म्हातारीने एक गाजर पदराला पुसून तिच्या तोंडातच घातलं. आम्ही राहतो तिथल्या बाजारात द्राक्षाला बोट लावलं तरी दुकानदार डोळे वटारतो, त्यामुळे माझी धाकटी वेडावूनच गेली.

"आई, इथे सगळं फ्री आहे!"

"सगळं नाही गं बाई. वरचं तेवढं."

"वरचं म्हणजे?"

"म्हणजे आपण काही घेतलं की मुलांना प्रेमाने देतात ना, ते."

तिने मान डोलावली. पाच वर्षांच्या पोरीने मान डोलावली म्हणजे तिला कळलं, असं आपण धरून चालतो.

हाटाच्या अगदी टोकाला चुडीवाली बसते. माझ्याच वयाची असेल, कदाचित लहानच. समोर लाकडी पाटी, तीत बांगड्या, रिबिनी, काळे दोरे. आईची तिच्याशी खूप वर्षांची ओळख. एरवी तिची लेक तिच्या शेजारी बसून फुटक्या काचांशी खेळत असते म्हणे. त्या दिवशी ती दिसली नाही, म्हणून आईने विचारलं.

"घर पे है, माताजी. बुखार है. उतरता ही नहीं."

"डॉक्टर को दिखाया?"

"सब किया." एवढंच म्हणून तिने थोरलीचा हात आपल्या हातात घेतला. थोरलीला हिरव्या बांगड्या हव्या होत्या. बाईने तिचा तळवा असा हलके दाबत दाबत बांगडी चढवली की पोरीने चूं केलं नाही. मी वाकून बघत होते. आई पिशवीतल्या भाज्या सारख्या करत होती. तेवढा वेळ माझी नजर धाकटीवर नव्हती.

तिथून पुढे चौक लागतो. चार रस्ते, कोपऱ्यात एक कडुलिंब, एक बंद पडलेली पानटपरी. आणि त्या चौकाच्या मधोमध बऱ्यापैकी मोठी मोकळी जागा. वीतभर जागेसाठी एकमेकांचे गळे धरणारे ते लोक तिथे कधी ताडपत्री टाकत नाहीत. सायकलवाले वळसा घालून जातात. बायका बोलता बोलता बाजूला होतात आणि बोलणं पुढे चालू ठेवतात. लहानपणी आम्हालाही कुणी बसून समजावलं नव्हतं. पाय आपोआप वळायचे, आणि का वळतात ते मोठी होईपर्यंत मी विचारलंही नव्हतं.

मी मान वर केली तेव्हा धाकटी त्या बाजूने येत होती. ऊन गेलं होतं, थंडीचा धूर खाली बसला होता, त्यामुळे ती एकदम जवळ आल्यावरच नीट दिसली. तोंडभर हसू, आणि एक हात उंच धरलेला. मनगटात दोन काळ्या काचेच्या बांगड्या. अगदी तिच्या मापाच्या.

तशाच काळ्या बांगड्या चुडीवालीच्या पाटीत एका कोपऱ्यात रचलेल्या होत्या. मी काय समजायचं ते समजले. बाईने आमच्या नकळत पोरीला 'ऊपर से' दिल्या! मला इतकं भरून आलं की मी चक्क हात जोडले. "अरे, क्या बात है! बहुत बहुत शुक्रिया."

बाईच्या हातात थोरलीचं मनगट तसंच होतं. ती धाकटीच्या हाताकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, मला नक्की आठवतं. मग तिने पदर ओढून नाकापर्यंत घेतला आणि पाटीतल्या रचलेल्याच बांगड्या पुन्हा रचायला लागली. मला वाटलं, लाजली.

"आंटीला थँक्यू म्हण," मी धाकटीला म्हटलं.

"धन्यवाद, आंटीजी!" पोरगी ठणठणीत आवाजात म्हणाली. शेजारचा शेंगदाणेवाला खो खो हसला. बाईने मान वर केली नाही.

घरी आल्यावर आई मटार सोलायला बसली. मी चहा टाकला. धाकटी बांगड्या वाजवत घरभर नाचत होती. थोरली म्हणाली, "त्या आंटीने नाही दिल्या तिला. त्या पानावर होत्या."

"कसल्या पानावर?" आईचा हात थांबला.

"रस्त्यात. पानावर पिवळा भात होता. आणि कापलेलं लिंबू, त्याला लाल लावलेलं."

आईने मांडीवरचं ताट खाली ठेवलं. धाकटीला जवळ ओढलं आणि अगदी हळू विचारलं, "तू खाल्लंस का गं त्यातलं काही?"

"बत्तासा," धाकटी म्हणाली. "एकच होता. वरचा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दृष्ट काढणं वेगळं आणि उतारा वेगळा. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट आमच्याकडेही निघायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी तर हटकून. ती ओवाळायची आणि गॅसवर टाकायची, तडतडली की संपलं. उतारा संपत नाही. आजारी माणसावरून भात-लिंबू ओवाळतात, त्याचं काहीतरी सोबत ठेवतात आणि चौकात नेऊन सोडतात. म्हणजे दुखणं तिथे ठेवायचं आणि घरी यायचं. जो उचलेल त्याचं ते.

माझी आई शाळेत गणित शिकवायची. अंधश्रद्धेवर तिने शाळेत नाटुकली बसवलेली आहेत. आणि ती त्या क्षणी धाकटीच्या तोंडात बोट घालून बत्ताशाचा कण शोधत होती.

"काय मेलं खूळ लावलंयस!" मी खेकसले. "भात आणि लिंबू! मी औषधांच्या कंपनीत काम करते, आई. पोरीसमोर असलं काही बोलायचं नाही."

आईने पोरीला चूळ भरायला लावली. बोलली थोरलीच. "चुडीवाली आंटी बघत होती. ही खाली वाकली ना, तेव्हा. मला बांगडी घालता घालता तिने ते बघितलं. मग तिचा हात एकदम गार झाला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजारी लेक, न उतरणारा ताप, पाटीतल्या काळ्या बांगड्या. तो उतारा त्याच बाईने ठेवला होता. माझी पोर त्यावर वाकली आणि ती गप्प बसून बघत राहिली. आणि वर मी तिला हात जोडून आले! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी तशीच चपला घालून निघाले होते. आईने अडवलं. "काय सांगणार आहेस तिला? तू तर मानत नाहीस ना?"

मी चपला काढल्या आणि चहा गाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीला ताप भरला.

डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे, हवापाणी बदललं की होतं. मीही तेच म्हटलं असतं. रक्त तपासलं, काही निघालं नाही. औषधाने ताप उतरायचा आणि तासाभरात पुन्हा चढायचा. पोरीचा हात थोडा सुजला आणि त्या बांगड्या मनगटात रुतून बसल्या. साबण लावला, तेल लावलं, पण ती हात लावू देईना. एरवी सुईलाही न घाबरणारी पोर, बांगड्यांना हात लावला की किंचाळायची.

एका संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसले होते. दिवा लावायचा होता, पण उठवत नव्हतं. तिने डोळे न उघडता म्हटलं, "अम्मा, पानी."

माझी मुलगी मला आई म्हणते. तिकडे शाळेत ती बाकीच्या पोरांना रागावून सांगते की माझ्याकडे मॉम नाही, आई आहे. अम्मा हा शब्द तिने कधी तोंडात घेतलेला मी ऐकला नव्हता. मी थोरलीकडे बघितलं. "हाटात ऐकलं असेल," थोरली म्हणाली, आणि मग उठून आजीजवळ जाऊन बसली. त्या खोलीत ती परत एकटी आली नाही.

मी पाणी पाजलं. पाजताना, देवाशप्पथ सांगते, क्षणभर मला त्या चेहऱ्याची भीती वाटली. स्वतःच्या पोटच्या पोरीची भीती. त्यापेक्षा वाईट काही मला आयुष्यात वाटलेलं नाही.

बुधवार आला. ताप तसाच होता. दुपारी आईने कुकर लावला आणि मला म्हणाली, "मी उतारा काढते. तू नेऊन ठेव. माझ्या गुडघ्यांनी मला तिथे वाकवायचं नाही."

"आई, तू? गणिताची बाई?"

"एका रीतीने सुटलं नाही तर मी दुसरी रीत करून बघतेच ना? औषध बंद कर म्हणत नाहीये मी."

मला वाद घालायचा नव्हता. मला माझी पोर परत हवी होती, कुठल्याही रीतीने.

"आणि ते उचलणार कोण?" मी विचारलं.

"कुणी उचलत नाही गं. इथल्या पोरांना बरोबर माहीत असतं. कुत्री भात खातात, झालं."

"आणि कुणीच नाही उचललं तर?"

आई भात परातीत काढत होती. तिने हळद टाकली, कालवली. "तर ते जात नाही म्हणतात," ती म्हणाली. "आपण त्याचा विचार करायचा नाही."

बांगड्या काढायला मात्र धाकटीने त्या दिवशी विरोध केला नाही. ग्लानीत होती. एक तेलाने निघाली. दुसरी आईने मुसळीच्या टोकाने हलकेच वाढवली. भात, लिंबू, ती एक सबंध बांगडी आणि दुसरीचे तुकडे पत्रावळीवर ठेवले. आई म्हणाली, पोरीचं स्वतःचं काहीतरी हवं. मी तिच्या केसांतला चंदेरी चांदणीचा क्लिप काढून ठेवला. आईने ते सगळं तिच्यावरून ओवाळलं आणि माझ्या हातात दिलं. जाताना कुणाशी बोलायचं नाही, ठेवल्यावर मागे बघायचं नाही, आणि सरळ घरी.

तिन्हीसांज झाली होती. बॅटरीचे पांढरे दिवे लागले होते. भर हाटातून मी ती पत्रावळ ओढणीखाली धरून चालले होते आणि गंमत म्हणजे कुणी मला हाक मारली नाही. आदल्या बुधवारी "माताजी की बेटी" म्हणून पुढे पुढे करणारे लोक. पेरूवाल्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि पेरू रचायला लागला. गाजरवाली म्हातारी तोंड फिरवून बसली. माझ्या पुढचा रस्ता आपोआप मोकळा होत गेला. चौकातल्या त्या जागेकडून लोक जसे वळतात, तसे ते माझ्याकडून वळत होते.

मी पत्रावळ ठेवली आणि चालू लागले. पण घरी गेले नाही. बंद पानटपरीच्या आडोशाला थांबले आणि मागे बघितलं.

का थांबले ते मी लपवणार नाही. मला बघायचं होतं की कुणी उचलतंय का. नुसतं बघायचं नव्हतं, कुणीतरी उचलावं असं मला वाटत होतं. कोण, ते मनात येऊ देत नव्हते, पण जीव सगळा त्या पत्रावळीवर लागला होता. एक कुत्रं आलं, हुंगलं आणि भाताला तोंड न लावता निघून गेलं.

मग हाटाच्या बाजूने एक पोरगी आली. चार-पाच वर्षांची असेल. अंगात मोठ्या बहिणीचा असावा तसा ढगळ स्वेटर, गळ्यात काळा दोरा, पाय काड्या. आजारातून उठलेलं मूल चालतं तसं, जपून, एकेक पाऊल टाकत चालत होती. तिच्या हातात काळ्या बांगड्या होत्या. ती कोण हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

इथल्या पोरांना माहीत असतं, असं आई म्हणाली होती. पण असला चांदणीचा क्लिप इथल्या पोरांनी कुठे बघितला होता? दिव्याच्या उजेडात तो लखलखत होता. ती मोकळ्या जागेच्या कडेला थांबली. इकडेतिकडे बघितलं. आणि आत आली.

तिची आई पाटीपुढे बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवत होती. तिचं लक्ष नव्हतं.

माझे पाय हलले नाहीत. मी ओरडले नाही. आणि मनात, अगदी स्पष्ट, शब्द होते: घे. घे बाळा, उचल. त्या बाईने हेच केलं होतं ना? हिचंच होतं ना ते? हिच्याचकडे परत जातंय, माझं काय चुकलं? पोरगी खाली बसली. तिने हात पुढे केला. तिच्या मनगटातल्या बांगड्या सैल होत्या, त्या खाली घसरल्या.

"ए! हात लावू नकोस!"

मी ओरडले ते मराठीत. सगळा चौक वळून बघायला लागला. मी धावले, पोरीला बाजूला केलं आणि तिच्या बोटांखालून ते सगळंच्या सगळं दोन्ही हातांनी उचललं. पत्रावळ फाटली. भात माझ्या बोटांतून गळत होता, तो मी खाली बसून वेचला. एक शीतही तिथे राहू दिलं नाही.

पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. चुडीवाली धावत आली, तिने पोरीला कडेवर घेतलं आणि माझ्या हातांकडे बघितलं. मग तिला समजलं.

"आपकी छोटी?" तिने विचारलं.

"बुखार है. उतरता नहीं."

तिने पोरीचं डोकं खांद्यावर दाबून धरलं. मग म्हणाली, "मैंने देखा था उस दिन. चिल्लाना चाहती थी. मुँह से आवाज़ ही नहीं निकली." आणि पोरीला एका हाताने धरून तिने दुसरा हात पुढे केला. "लाओ. मुझे दे दो. मेरा ही था."

आठवडाभर मी त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. तिच्यासमोर उभी राहून काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. आता ती समोर हात पसरून उभी होती, तिच्या खांद्यावर ती काडीसारखी पोर हुंदके देत होती, आणि मला तिच्यावर रागावताच येईना. मीही त्या टपरीआड तिच्याइतकीच उभी होते की.

"नहीं," मी म्हटलं. "आपकी अभी अच्छी हुई है."

मी ते सगळं छातीशी धरून घरी आले.

आई फाटकात उभी होती. माझे हात ओढणीखाली होते. "उचललं कुणी?" तिने विचारलं. आवाजात इतकी आस होती की मला गलबलून आलं.

"हो," मी म्हटलं. "उचललं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने ओढणी बाजूला केली. पिवळा भात, लिंबू, बांगडी, क्लिप. तिने मला दंडाला धरून आत घेतलं. अंगणातल्या नळाखाली पातेलं ठेवलं, त्यात ते सगळं सोडायला लावलं आणि लहानपणी धुवायची तसे माझे हात कोपरापर्यंत चोळून चोळून धुतले. पाणी बर्फासारखं गार होतं. धुऊन झाल्यावर तिने ओले हात पदराला पुसले, माझ्या दोन्ही गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली.

हे ती नेहमीच करते. विमानतळावर करते, वाढदिवसाला करते. अलाबला घेणं म्हणतात त्याला, म्हणजे समोरच्याची इडापीडा स्वतःवर ओढून घेणं. मी कधी त्याचा अर्थ मनात धरला नव्हता. त्या दिवशीही धरला नाही, कारण आतून थोरली ओरडत होती, "आई, ही उठलीय! हिला भूक लागलीय!"

धाकटी अंथरुणात उठून बसली होती. घामाने कपडे चिंब. कपाळ गार. "आई," ती म्हणाली. आई म्हणाली! मी तिला कुशीत घेऊन इतकी रडले की ती कंटाळून म्हणाली, "आता पुरे ना. मला पेरू दे."

सकाळी मला जाग आली तेव्हा घरात चहाचा वास नव्हता. माझी आई उजाडायच्या आत उठते, थंडी असो की पाहुणे असोत. मी तिच्या खोलीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून दोन रजया घेऊन पडली होती. मी हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"आई! अगं, तुला किती ताप आहे!"

"व्हायरल आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "सगळीकडे चालू आहे."

मी तिच्या उशाशी बसले. मी काय करतेय ते मला कळत होतं आणि नव्हतंही. माझे दोन्ही हात उठले आणि तिच्या गालांकडे गेले.

तिने डोळे उघडले. रजईतून तिचे तापलेले हात बाहेर आले आणि तिने माझी मनगटं हवेतच पकडली. इतक्या तापात तिच्या अंगात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे, मला हात हलवता येईना. बाहेर धाकटी थोरलीशी पेरूवरून भांडत होती.

"खबरदार," आई म्हणाली. "तुझ्या दोन पोरी आहेत. हे इथेच थांबू दे."